पेटी उघडत नाहीं तेव्हां

कुटुंबांत जें जपावयाचें तें कोठें ठेवावें, हा प्रश्न आपल्याकडे फार जुना आहे. पूर्वीं कागद रुमालांत बांधून फडताळांत किंवा माळ्यावर ठेवीत. वाळवी, पाऊस आणि उंदीर हे त्यांचे शत्रु असत. इतिहासाचार्य विश्वनाथ काशिनाथ राजवाडे यांनीं गांवोगांव हिंडून असे रुमाल सोडविले आणि १८९८ पासून 'मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें' या नांवानें त्यांतील कागद छापविण्यास आरंभ केला, म्हणून पुष्कळसें वांचलें. आतां कागदाची जागा संगणकानें घेतली आहे. येथें वाळवी नाहीं, ओल नाहीं. परंतु एक नवेंच संकट उभें राहिलें आहे. वस्तु जागच्या जागीं असते, तिचें आकारमान तसूभरहि घटलेलें दिसत नाहीं, आणि तरीहि ती उघडत नाहीं. आजच्या लेखांत या संकटाचा विचार करावयाचा आहे.

निमित्त झालें तें मोहने येथील एका वाचकभगिनींच्या पत्राचें. कल्याणनजीक, उल्हास नदीच्या अंगास वसलेलें हें गांव आंबिवली स्टेशनावर उतरणारांस परिचित आहे. पत्रांतील हकीकत अशी. बाईंचे सासरे, ज्यांचा उल्लेख पत्रांत 'मामंजी' असा आहे, ते मोहन्याच्या नॅशनल रेयॉन कॉर्पोरेशनच्या कारखान्यांत हिशेबाच्या कामावर होते. हा कारखाना २००९ सालीं बंद पडला; मामंजी त्यापूर्वींच निवृत्त झाले होते. निवृत्तीनंतर त्यांनीं घराण्याचा कुलवृत्तान्त लिहावयास घेतला. कोंकणांतील मूळ गांव, तेथून घाटावर गेलेल्या शाखा, बडोदें व इंदूर येथें नोकरीनिमित्त कायमचे राहिलेले चुलते, अशा अनेक घरांशीं पत्रव्यवहार करून त्यांनीं टिपणें जमविलीं. २६ जुलै २००५ रोजीं जो महापूर आला, त्यांत तळमजल्यावरील ट्रंकेंत ठेवलेलीं तीं टिपणें भिजून त्यांचा लगदा झाला. सुदैवानें २००३ पासून मामंजी तीं संगणकावर उतरवीत होते, तेवढें वांचलें. २०११ सालीं मामंजी वारले.

दोन वर्षांनीं तो संगणक कुरकुरूं लागला. त्यावर विंडोज एक्सपी ही प्रणाली होती, आणि मजकूर युनिकोडपूर्व पद्धतीच्या मराठी फॉंटांत होता. नव्या यंत्रावर तो जुना प्रोग्राम चालेना. तेव्हां पुण्यास असणाऱ्या धाकट्या दिरांनीं जुन्या संगणकाची सबंध हार्ड डिस्क एका फाईलींत उतरवून घेतली, दुसऱ्या संगणकाच्या पोटांत एक 'व्हर्च्युअल मशीन' तयार केलें आणि त्यांत ती बसविली.

पुढें २०१४ व २०१५ या दोन वर्षांत सासूबाईंनीं एक काम मनावर घेतलें. मामंजींच्या वंशावळींत, जुन्या चालीप्रमाणें, मुलगेच तेवढे होते. दिलेल्या मुली आणि आलेल्या सुना यांच्या जागीं कोठें 'कन्या दोन', कोठें नुसती रेघ. सासूबाईंनीं आठवून आठवून त्या बायकांचीं माहेरचीं व सासरचीं नांवें, त्यांचीं गांवें, कोण पहिल्या बाळंतपणांत गेली, कोण लहानपणीं विधवा होऊन पुढें शिकून मास्तरीण झाली, हें सारें सांगितलें. आणि सूनबाईंनीं रोज दुपारीं तें टंकून काढलें. आज सासूबाईंचें वय सत्त्याऐंशी आहे. स्मरण पार मावळलें आहे. तें सांगणें आतां पुन्हां होणें नाहीं.

गेल्या वर्षीं घरांत आणखी नवा संगणक आला. भाऊजींनींच सुटीच्या दिवशीं येऊन जुन्यावरून नव्यावर फाईल आणून ठेविली. यंदा कुलसंमेलनासाठीं पुस्तक छापावें म्हणून यंत्र उघडावयास जावें, तों तें उघडेना. घरांतील चौदा वर्षांच्या मुलानें खटपट करून निराळें यंत्र तयार केलें, त्यास ती फाईल जोडली, आणि तें चालू झालें. परंतु आंत मामंजींचीं प्रकरणें तेवढीं दिसलीं, सासूबाईंचें एकहि पान नाहीं. तेव्हांपासून घरांत असा समज झाला आहे कीं, मुलानें तें पुसून टाकलें. 'तो हल्लीं पंक्तीला बसतो, पण मान वर करीत नाहीं', असें त्या माउलीनें लिहिलें आहे.

या पत्रास आम्हीं उत्तर म्हणून उपाय न पाठवितां प्रश्न पाठविले. ते कोणते, आणि त्याच क्रमानें कां, हें आमच्या वाचकांनाहि उपयोगी पडेल. कारण जुन्या संगणकाची अशी पेटी आज कित्येक घरांत आहे.

प्रथम ही वस्तु काय आहे तें समजून घेऊं. मोठ्या वाड्यांत एखादें बिऱ्हाड स्वतंत्र चूल मांडून राहतें, तसें व्हर्च्युअल मशीन हें संगणकांत राहणारें दुसऱ्या संगणकाचें बिऱ्हाड होय. बिऱ्हाडकरूस वाटतें कीं, पडदा आपला, स्मृति आपली, कोठीहि आपली. वस्तुतः सर्व मालकाचें असतें. आणि बिऱ्हाडकरूची जी कोठी, म्हणजे त्याची हार्ड डिस्क, ती मालकाच्या दृष्टीनें केवळ एक मोठी फाईल असते. तिलाच डिस्क इमेज म्हणतात. ही कल्पना नवी नव्हे. अमेरिकेंतील आयबीएम कंपनीनें १९६० नंतरच्या दशकांत आपल्या मोठ्या यंत्रांवर तिचे प्रयोग केले आणि १९७२ सालीं 'व्हीएम/३७०' या नांवानें ती बाजारांत आणली. घरगुती संगणकावर ती आली १९९९ सालीं, व्हीएमवेअर कंपनीच्या प्रोग्रामामुळें. २००३ सालीं फ्रेंच संगणकशास्त्रज्ञ फाब्रिस बेलार यांचा 'क्यूईएमयू' आला आणि २००७ सालीं 'व्हर्च्युअलबॉक्स' सर्वांस मोफत मिळूं लागला. मोहन्याच्या घरीं हाच शेवटचा प्रोग्राम आहे.

या पेटीची रचनाहि ध्यानांत घ्यावी. तिच्या आरंभीं एक मथळा असतो: ही पेटी कोणत्या जातीची, किती मोठी, तिचा ओळखक्रमांक काय. त्यानंतर एक यादी: कोणता गठ्ठा कोठें ठेवला आहे. आणि त्यानंतर प्रत्यक्ष गठ्ठे. व्हर्च्युअलबॉक्सच्या 'व्हीडीआय' पेटींत हे गठ्ठे सामान्यतः एक-एक मेगाबाइटचे असतात, आणि लागेल तसे वाढत जातात. म्हणून बिऱ्हाडकरूस चाळीस गिगाबाइटची दिसणारी कोठी मालकाच्या घरीं दहा-बारांतच भागते. यांतून एक गोष्ट उघड होते. मथळ्याचीं किंवा यादीचीं थोडीं अक्षरें बिघडलीं, तरी सबंध पेटी उघडत नाहीं. पण गठ्ठे बहुधा शाबूत असतात. 'उघडत नाहीं' याचा अर्थ 'नाहींसें झालें' असा नव्हे. हें वाक्य आम्हीं त्या पत्राच्या अगदीं आरंभीं लिहिलें.

त्याखालींच आमचा पहिला नियम होता: हात लावूं नये. मूळ फाईलीची एक प्रत दुसऱ्या चकतीवर करावी, मूळ फाईल केवळ वाचण्यापुरती ठेवावी, आणि पुढील सर्व प्रयोग प्रतीवर करावे. विहिरींत पडलेलें भांडें काढतांना जो तो गळ टाकूं लागला, तर भांडें गाळांत अधिकच रुततें. दुरुस्तीचे बहुतेक प्रोग्राम फाईलींत लिहितात. आणि चुकीच्या निदानावर केलेलें लिहिणें हें मूळ बिघाडापेक्षां अधिक घातक ठरतें.

आतां प्रश्न.

पहिला: नेमकें काय उघडत नाहीं? पडद्यावर आलेला संदेश अक्षरशः उतरून घ्यावा. येथें तीन निरनिराळ्या तक्रारी एकाच वाक्यांत सांगितल्या जातात. यंत्र यादींतच 'अनुपलब्ध' दिसत असेल, तर त्याच्या वर्णनाची फाईल किंवा पेटी जागेवर नाहीं. यंत्र सुरू होतें, पण आंतील विंडोज निळा पडदा दाखवून थांबते, तर पेटी ठीक आहे. जोडणी चुकली आहे. जुन्या एक्सपीस 'आयडीई' जातीची जोडणी ओळखतां येते. तिला नव्या 'साटा' जोडणीवर बसविलें, तर ती बिचारी स्वतःचीच कोठी ओळखीत नाहीं. जोडणी बदलतांच असें यंत्र पुष्कळदां सुरळीत चालू लागतें. आणि तिसरी तक्रार खरोखर पेटी न उघडण्याची. पुढील प्रश्न मुख्यतः तिच्याविषयीं आहेत.

दुसरा: फाईल पूर्ण आहे काय? जुन्या जागेवरील व नव्या जागेवरील आकारमान बाइटपर्यंत ताडून पहावें. पुष्कळ पेन ड्राइव्ह 'फॅट ३२' पद्धतीनें आंखलेले असतात आणि त्यांत चार गिगाबाइट किंवा त्याहून मोठी एकसंध फाईल मावतच नाहीं. कित्येकदां प्रत करतांना वीज जाते, किंवा दोरी मध्येंच उपटली जाते, आणि अर्धी फाईल पूर्ण नांवानें बसून राहते. आकारमान जुळलें तरी 'एसएचए-२५६' हा बेरीजवजा ताळा घ्यावा. विंडोजमध्यें 'सर्टयुटिल' या आज्ञेनें तो निघतो. दोन प्रतींचा ताळा सारखा आला, तर प्रत निर्दोष समजावी. व्हीएमवेअरची पेटी असेल, तर ती दोन-दोन गिगाबाइटच्या तुकड्यांत विभागलेली असूं शकते, आणि त्यांच्यासोबत एक लहानशी वर्णनाची फाईल असते. ती इतकी लहान असते कीं, केर म्हणून टाकली जाते. आणि तिच्यावांचून बाकीचे तुकडे कोणत्या क्रमानें लावावयाचे हें प्रोग्रामास कळत नाहीं. ती साधी अक्षरांची फाईल असल्यामुळें, तुकड्यांच्या आकारांवरून नव्यानें लिहितां मात्र येते.

तिसरा: पेटीवरचें नांव आणि आंतील जात एकच आहे काय? नांवाच्या शेवटचीं अक्षरें कोणीहि बदलूं शकतो. मुद्रा बदलत नाहीं. फाईल अंकरूपांत दाखविणाऱ्या प्रोग्रामानें पाहिलें, तर व्हर्च्युअलबॉक्सच्या पेटीच्या अगदीं आरंभीं त्या प्रोग्रामाचें नांव वाचावयास मिळतें. 'क्यूकाऊ'च्या आरंभीं 'क्यू, एफ, आय' हीं तीन अक्षरें असतात. मायक्रोसॉफ्टच्या नव्या 'व्हीएचडीएक्स' पेटीच्या आरंभीं तिचेंच नांव. जुन्या 'व्हीएचडी'ची गंमत अशी कीं, तिची मुद्रा शेवटच्या ५१२ बाइटांत असते, आणि तेथें 'कनेक्टिक्स' या मूळ कंपनीचें नांव अद्याप उमटलेलें आहे. वाढत्या आकाराच्या व्हीएचडींत त्या मुद्रेची एक नक्कल आरंभींहि असते, ठराविक आकाराच्या पेटींत नसते. म्हणून अशा पेटीचें शेपूट प्रत करतांना तुटलें, तर सारा मजकूर असूनहि ती अनोळखी ठरते. आणि मुद्रेच्या जागीं नुसतीं शून्यें दिसलीं, तर मात्र मूळ प्रतीचा शोध घ्यावा. दुरुस्तीच्या नादीं लागूं नये.

चौथा: दुसऱ्या कोणीं ती धरून ठेविली आहे काय? एकाच पेटींत दोन यंत्रांनीं एकाच वेळीं लिहूं नये, म्हणून व्हीएमवेअर शेजारीं कुलुपाचा एक फोल्डर ठेवतो. वीज अचानक गेली, तर घरधनी निघून जातो आणि कुलूप तसेंच राहतें. यंत्र खरोखर कोठेंहि चालू नाहीं याची खात्री करून मगच तें कुलूप बाजूस काढावें. व्हर्च्युअलबॉक्सची तऱ्हा निराळी. तेथें प्रत्येक पेटीस एक ओळखक्रमांक असतो. हातानें केलेल्या प्रतीचाहि क्रमांक तोच राहतो, आणि एकाच क्रमांकाच्या दोन पेट्या आपल्या यादींत घेण्यास तो साफ नकार देतो. हा बिघाड नव्हे. यादींतून जुनी नोंद काढावी. काढतांना तो 'फाईल नष्ट करूं काय' असें विचारतो, तेव्हां 'ठेव' असेंच सांगावें.

पांचवा: मालकाच्या घरांत जागा आहे काय? पेटी वाढती असल्यामुळें, बाहेरची चकती भरली कीं आंतील यंत्र मध्येंच थांबतें. बिऱ्हाडकरूस आपली कोठी अर्धी रिकामी दिसते. मालकाच्या अंगणांत मात्र पाय ठेवावयास जागा नसते. अशा वेळीं बाहेर जागा करून द्यावी. पेटीजवळील अनोळखी फायली मात्र जागेसाठीं पुसूं नयेत.

सहावा, आणि या घराच्या बाबतींत निर्णायक: ही पेटी एकटी आहे, कीं तिचें कुटुंब आहे?

हा प्रश्न थोडा विस्तारानें सांगितला पाहिजे. या प्रोग्रामांत 'स्नॅपशॉट' नांवाची एक सोय असते. एखादें धाडसाचें काम करण्यापूर्वीं 'आजची स्थिति गोठवून ठेव' असें यंत्रास सांगतां येतें, म्हणजे काम बिघडलें तर मागें फिरतां येतें. ही आज्ञा मिळतांच प्रोग्राम मूळ पेटीस हात लावणें बंद करतो. त्या क्षणापासून जें नवें लिहिलें जाईल, तें एका दुसऱ्या फाईलींत जातें. ही कन्या-पेटी. तिच्यांत सबंध मजकूर नसतो. मूळ पेटीपेक्षां जेवढें निराळें, तेवढेंच असतें. तिचें नांवहि माणसानें दिलेलें नसतें. महिरपी कंसांत बसविलेली अंकाक्षरांची एक लांबच लांब ओळ असते, आणि ती 'स्नॅपशॉट्स' नांवाच्या निराळ्या फोल्डरांत राहते. यंत्र चालतांना दोन्ही पेट्या एकत्र वाचलीं जाणारीं दोन पानें असावीं तशा असतात. बापाच्या पेटीवांचून लेकीची निरर्थक. आणि लेकीवांचून बापाची पेटी उघडते खरी, पण ती त्या गोठलेल्या दिवसावर थांबलेली असते.

आम्हीं विचारलें: असा स्नॅपशॉट कधीं घेतला होता काय? आणि नव्या संगणकावर 'स्नॅपशॉट्स' हा फोल्डर आहे काय? उत्तर आलें. भाऊजींस आठवलें कीं, २०१३ सालीं यंत्र तयार झाल्यावर, वहिनींच्या हातून कांहीं बिघडूं नये म्हणून त्यांनीं एक स्नॅपशॉट घेऊन ठेविला होता. आणि गेल्या वर्षीं नव्या संगणकावर त्यांनीं यंत्राच्या वर्णनाची फाईल व 'ती मोठी फाईल' आणली. बाजूचे दोन फोल्डर किरकोळ समजून आणले नाहींत.

येथें सारें स्पष्ट झालें. मूळ यंत्र उघडेना, कारण वर्णनाच्या फाईलींत कन्या-पेटीचें नांव होतें आणि ती जागेवर नव्हती. मुलानें केलेलें नवें यंत्र उघडलें, कारण त्यानें केवळ मूळ पेटी जोडली. आणि त्यांत आजीचीं पानें दिसलीं नाहींत, कारण तीं त्या पेटींत कधीं नव्हतींच. २०१३ नंतरचें प्रत्येक अक्षर दुसऱ्या पेटींत गेलें होतें. जें तेथें नव्हतें तें मुलानें पुसलें कसें? हें आम्हीं पत्रांत स्वतंत्र परिच्छेदांत, त्या मुलाच्या वडिलांनीं घरांत मोठ्यानें वाचून दाखवावें अशा विनंतीसह लिहिलें.

तथापि एक सावधगिरी सांगणें जरूर होतें. मूळ पेटी एकटी चालविली कीं आंतील विंडोज तिच्यांत कांहींना कांहीं लिहितेच. लेकीच्या पेटींतील 'एवढेंच निराळें' हा हिशेब बापाची पेटी जशी होती तशी धरून केलेला असतो; ती बदलली कीं हिशेब जुळत नाहीं. हे प्रोग्राम तशी खूणहि ठेवतात आणि मग जोडी स्वीकारीत नाहींत. म्हणजे नव्या संगणकावरील मूळ पेटी आतां या कामास निरुपयोगी होती. न बदललेली मूळ पेटी आणि तिची कन्या, दोन्ही एकत्र जेथें होत्या, त्या जुन्या संगणकाचें काय झालें? तो माळ्यावर होता. दिवाळीच्या साफसफाईंत भंगारवाल्यास द्यावयाचा म्हणून सुतळीनें बांधूनहि ठेविला होता.

पुढील काम क्रमानें झालें, आणि तें त्या मुलाच्याच हातून करवावें असें आम्हीं सुचविलें होतें. जुना संगणक सुरू करण्याचा आग्रह न धरतां त्याची हार्ड डिस्क काढून यूएसबीच्या जोडणींत बसविली. यंत्राचा सबंध फोल्डर, त्यांतील किरकोळ दिसणाऱ्या फायलींसह, एका पोर्टेबल चकतीवर घेतला. दोन्हींकडचा ताळा जुळविला. मग त्या प्रतीची आणखी एक प्रत केली. व्हर्च्युअलबॉक्सच्या यादींतून नव्या संगणकावरील जुन्या नोंदी काढल्या, कारण ओळखक्रमांक तेच होते. त्यानंतर दुसऱ्या प्रतींतील वर्णनाची फाईल जोडली, आणि यंत्र सुरू न करतां, प्रथम त्याच्या चालू स्थितीची एकसंध नक्कल करविली. या नक्कलेंत मूळ पेटी व कन्या-पेटी मिळून एकच पेटी होते. ती नवी पेटी जोडून यंत्र सुरू केलें. 'सासूबाईंचीं १२६ पानें आहेत', एवढीच ओळ आम्हांस दुसऱ्या दिवशीं आली.

सर्वच घरांस असा माळा लाभत नाहीं. म्हणून सातवा प्रश्नहि सांगून ठेवतों: आंत खरोखर जखम आहे काय? 'क्यूईएमयू-आयएमजी' नांवाचें एक मोफत साधन आहे. त्याची 'इन्फो' ही आज्ञा पेटीची जात व बापाचें नांव सांगते. 'चेक' ही आज्ञा आंतील यादी तपासते. आणि 'कन्व्हर्ट' ही एका जातीच्या पेटीचा मजकूर दुसऱ्या जातीच्या पेटींत उतरविते. क्यूकाऊ पेटीची यादी तें कांहीं अंशीं दुरुस्तहि करतें. व्हीडीआयची मात्र केवळ तपासणी करतें. यंत्र सुरूच करावयाचें नसून आंतील एखादी फाईल तेवढी हवी असेल, तर पेटीची प्रत दुसऱ्या निरोगी यंत्रास दुय्यम चकती म्हणून जोडावी; किंवा 'सेव्हन-झिप' या प्रोग्रामानें आंत डोकावून पहावें. स्नॅपशॉटची जोडी नसलेल्या कित्येक पेट्या त्यास वाचतां येतात. व्हीएचडी पेटी तर विंडोज ७ पासून पुढील विंडोज स्वतःच उघडते. यादीच नष्ट झाली असेल, तर गठ्ठे चाळून फायली वेंचणारीं साधनें आहेत. पण तें काम जाणत्याकडे सोंपवावें, आणि त्यास प्रतच द्यावी.

पेटी उघडली म्हणजे काम संपलें असें नव्हे. आंतील मराठी मजकूर जुन्या फॉंटांत असेल, तर तो बाहेर आणतांच रोमन अक्षरांचा काला दिसतो. याचें कारण असें. देवनागरीस युनिकोडमध्यें १९९१ सालींच जागा मिळाली होती, परंतु घरगुती संगणकावर तिचा आधार विंडोज २००० पासून येऊं लागला, आणि छपाईच्या प्रोग्रामांत त्याहूनहि उशिरा. दरम्यानच्या काळांत पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेक कंपनीची 'श्रीलिपि', पुण्याच्याच सी-डॅक संस्थेची 'आयएसएम' इत्यादि साधनांवर मराठीचा संसार चालला. त्या फॉंटांत रोमन अक्षरांच्या जागीं देवनागरीचे तुकडे बसविलेले असत. फॉंट गेला कीं आंतलें रोमन सोंग उघडें पडतें. अशा मजकुराचें युनिकोडमध्यें रूपांतर करणारे प्रोग्राम मिळतात. तें करून घ्यावें, आणि रफार, ऱ्ह व जोडाक्षरें यांवर विशेष डोळा ठेवून एकदां सबंध वाचून काढावें. मोडी लिपींतील दप्तरें आज घरोघर आहेत आणि वाचणारा मिळत नाहीं. जुन्या फॉंटांचें दुसरें मोडी होऊं देऊं नये.

राहतां राहिली पुढची व्यवस्था. पेटी हें ठेवण्याचें ठिकाण नव्हे, वाहून नेण्याचें साधन आहे. एक्सपीस मायक्रोसॉफ्टचा आधार ८ एप्रिल २०१४ रोजीं संपला, म्हणून असें यंत्र इंटरनेटशीं जोडूं नये आणि त्याच्यावर विसंबूनहि राहूं नये. मजकूर बाहेर काढून साध्या युनिकोड फाईलींत आणि पीडीएफमध्यें ठेवावा. तीन प्रती असाव्या: एक घरच्या संगणकावर, एक वेगळ्या चकतीवर, आणि एक दुसऱ्या गांवीं, भावाच्या किंवा बहिणीच्या घरीं, कारण पूर येतो तो एका गांवास येतो. वर्षांतून एकदां, दसऱ्यास शस्त्रपूजनाच्या वेळीं म्हणा, प्रत्येक प्रत प्रत्यक्ष उघडून पहावी. यंत्र हलवावयाचें झाल्यास प्रथम तें आंतून नीट बंद करावें आणि त्याचा सबंध फोल्डर न्यावा. त्यांतील कोणती फाईल महत्त्वाची हें आकारावरून ठरवूं नये. स्नॅपशॉट हें तात्पुरतें टांचण आहे. काम झालें कीं तो मूळ पेटींत मिळवून टाकावा. आणि पोर्टेबल चकतीवर एक कागद चिकटवावा: आंत काय आहे, कोणत्या प्रोग्रामानें उघडतें, कोणीं केव्हां ठेविलें.

आणखी एक गोष्ट संगणकाची नाहीं, घराची आहे. यंत्र बिघडलें कीं आपण प्रथम शेवटचा हात कोणाचा लागला तें विचारतों, आणि तो हात बहुधा घरांतील सर्वांत लहानाचा असतो. शेवटीं शिवणारा आणि बिघडविणारा हे एकच असतील असें नाहीं. येथें भाऊजींनीं प्रेमानें स्नॅपशॉट घेतला, प्रेमानेंच फाईल नेली. मुलानें आजीच्या पानांसाठींच खटपट केली. दोष शोधावयाचा होता तो कारणांत, माणसांत नव्हे. आणि कारण सांपडतांच माणसें आपोआप सुटलीं.

त्या बाईंच्या पुढील पत्रावरून असें समजतें कीं, वडिलांनीं आमचा परिच्छेद वाचून दाखविला आणि भाऊजींनीं पुण्याहून फोन करून पुतण्याशीं बराच वेळ भाषण केलें. कुलवृत्तान्त छापखान्यांत जाण्याच्या वाटेवर आहे. सासूबाईंच्या प्रकरणाचीं मुद्रितें तपासण्याचें काम नातवाकडे आहे. तो रोज संध्याकाळीं आजीजवळ बसून तीं नांवें मोठ्यानें वाचतो. बहुतेक नांवांस आजी नुसती मान हालविते. परवां एका नांवाशीं तिनें त्यास थांबविलें आणि सांगितलें कीं, 'ही माझी आत्येसासू. हिचें गांव चुकलें आहे.' पाहिलें तों फॉंटाच्या रूपांतरांत एक रफार गळाला होता. तो घातला आहे.